प्रोसेसचे कुलमुखत्यारपत्र

नागपूरच्या महाल भागात केळीबाग रोडवरच्या एका भांड्यांच्या दुकानात माझे अधूनमधून जाणे असते. गल्ल्याजवळ एक कॉम्प्युटर आहे. त्यावर टॅली चालते, जीएसटीची विवरणे भरली जातात, दुपारी गिऱ्हाईक नसले की मालकांचा मुलगा क्रिकेट बघतो आणि संध्याकाळी हिशेब लिहायला येणारा पोरगा त्यावरच आपला ईमेलही उघडतो. सगळ्यांचे खाते एकच. नाव 'ॲडमिन', पासवर्ड मॉनिटरच्या कडेला डकवलेल्या चिठ्ठीवर. परवा काहीतरी बसवताना पडदा काळवंडला आणि विंडोजने विचारले की, या प्रोग्रॅमला तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बदल करू द्यायचा का? मालक वैतागले. "माहा कॉम्प्युटर, पैसे म्या मोजले, अन् हे मलेच इचारते, करू देऊ का म्हून!" आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता त्यांनी 'यस' दाबले.

मालकांचा प्रश्न अडाण्याचा नव्हे. ऑपरेटिंग सिस्टीम बनवणारे साठ वर्षे त्याच प्रश्नाशी झटत आहेत. मालकांनी तो फक्त उलट्या बाजूने ऐकला. कॉम्प्युटरला त्यांच्याबद्दल शंका नव्हती. त्यांचे नाव सांगून एक तिसराच दारात उभा होता, आणि तो खरोखर तुमचाच माणूस का, एवढे विचारणे चालले होते.

हा तिसरा म्हणजे प्रोसेस. प्रोग्रॅम डिस्कवर पडून असतो तोवर ती नुसती फाइल असते, कोर्टात न दिलेल्या अर्जासारखी. तो चालू झाला की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, त्याच्या नावाने नोंद उघडतो. मेमरीतली कोणती जागा याची, याचा क्रमांक काय, याला जन्म कोणी दिला, आणि सर्वांत महत्त्वाचे, हा कोणाच्या वतीने काम करतो आहे. युनिक्स आणि लिनक्सात हे 'कोणाच्या वतीने' एका आकड्यात मांडलेले असते. रूट या सर्वाधिकाऱ्याचा आकडा शून्य. विंडोजमध्ये प्रोसेसच्या गळ्यात एक टोकन अडकवलेले असते. त्यात माणसाची ओळख, तो कोणकोणत्या गटांत आहे आणि कोणते विशेषाधिकार बाळगतो, हे लिहिलेले असते. प्रोसेसने दुसरी प्रोसेस सुरू केली की हे सारे वारशाने पुढे जाते.

घोळ इथूनच सुरू होतो. मालकांनी ब्राउझर उघडला, ब्राउझरने फाइल उतरवली, मुलाने ती चालवली, तरी शेवटच्या प्रोसेसच्या कपाळावर मालकांचाच आकडा. आपल्याकडे जमिनीच्या व्यवहारांत कुलमुखत्यारपत्र काय करू शकते, हे सांगायला नको. ज्याच्या हाती ते आहे तो तुमच्या नावाने सही करतो, आणि समोरच्या कचेरीला तुमच्यात आणि त्याच्यात फरक करता येत नाही. इतके वाद झाले की २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निकालात सांगावे लागले की, नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर झालेली विक्री म्हणजे मालकीचे हस्तांतरण नव्हे. जमिनीच्या बाबतीत आपण इतके सावध झालो. कॉम्प्युटरवर मात्र आपण चालवतो त्या प्रत्येक प्रोग्रॅमला, अगदी पाच मिनिटांपूर्वी कुठूनसा उतरवलेल्यालाही, कुलमुखत्यारपत्र देऊन बसतो. अमुक गट नंबर, अमुक तारखेपर्यंत, फक्त नोंदणीच्या सहीपुरते, असे विशेष मुखत्यारपत्र देण्याची सोय असते, तरीही. प्रवेश-नियंत्रणाचा सारा इतिहास मला तरी या दोन कागदांमधली ओढाताण वाटतो.

मुळात ही पहारेदारी कशाच्या जोरावर चालते? नुसत्या सॉफ्टवेअरच्या नव्हे. प्रोसेसरच दोन प्रकारे चालतो. एका प्रकारात त्याला सगळे हुकूम चालतात, दुसऱ्यात निवडक. कर्नल पहिल्यात चालतो, बाकी सारे दुसऱ्यात. साध्या प्रोसेसला डिस्कला थेट हात लावता येत नाही, शेजारच्या प्रोसेसची मेमरी वाचता येत नाही. तिला कर्नलकडे विनंती करावी लागते, तिथे कागद तपासले जातात आणि मग काम होते. मल्टिक्स या १९६५ पासून एमआयटी, बेल लॅब्ज आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी मिळून उभारायला घेतलेल्या सिस्टीममध्ये अशा एकात एक तटबंद्या होत्या. पुढे तिच्या हार्डवेअरमध्येच आठ कडी आली. इंटेलने १९८२ च्या ८०२८६ चिपमध्ये चार दिली. प्रत्यक्षात विंडोज आणि लिनक्स दोन्ही वापरतात ती दोनच, सर्वांत आतले शून्य आणि सर्वांत बाहेरचे तीन. मधली दोन रिकामीच राहिली. मोठ्या वाड्याला चार चौक बांधावेत आणि सगळा वावर ओसरीवर आणि देवघरात व्हावा, तसे.

वाड्याचा विषय निघालाच आहे तर महालातलेच सांगतो. भोसल्यांचा काळ्या दगडाचा, लाकडी नक्षीकामाचा जुना राजवाडा १८६४ मध्ये जळाला आणि त्याचे भव्य प्रवेशद्वार तेवढे वाचले. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन हा प्रोसेसरमधला दोष जाहीर झाला तेव्हा मला हेच आठवले. दरवाजा शाबूत, पहारा जागेवर, आणि आतले मात्र गेलेले. प्रोसेसर वेळ वाचवण्यासाठी पुढचे हुकूम आधीच करून ठेवतो, त्या घाईत कर्नलची मेमरी साध्या प्रोसेसला अप्रत्यक्षपणे वाचता येत होती. कोणतीही परवानगी मोडलेली नव्हती. ऑपरेटिंग सिस्टीम बनवणाऱ्यांनी कर्नलची मेमरी नजरेआडच करून ठेवण्याचा उपाय केला, आणि काही कामे त्यापायी हळू झाली.

भोसल्यांच्या दरबाराकडून आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथे हिशेब फडणवीसांकडे, पत्रव्यवहार चिटणवीसांकडे आणि शिक्का सिक्केनवीसांकडे होता. आज महालात चिटणीस पार्कवर सभा ऐकणाऱ्याला या नावामागचा हुद्दा आठवतोच असे नाही. पत्र लिहिणाऱ्याच्या हातात शिक्का नाही आणि शिक्का बाळगणारा पत्र लिहीत नाही, म्हणजे खोटे फर्मान काढायचे तर दोघांना फितवावे लागेल. जेरोम साल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये संगणकातल्या संरक्षणावर जो निबंध लिहिला, त्यातल्या तत्त्वांपैकी एक हेच होते, की कुलूप दोन किल्ल्यांचे असावे. त्यांचे दुसरे तत्त्व त्याहून गाजले. प्रत्येक प्रोग्रॅमने आणि प्रत्येक वापरकर्त्याने काम पार पाडायला लागतील तेवढेच, कमीत कमी अधिकार घेऊन चालावे. गेल्या पन्नास वर्षांत या वाक्याशी कोणी वाद घातलेला नाही, आणि ते पाळलेही फारसे कोणी नाही.

सुरुवातीला हे सारे शहाणपण ठेचा खाऊनच आले. एमआयटीतली सीटीएसएस ही १९६१ मध्ये पहिल्यांदा दाखवलेली, अनेकांनी एकाच वेळी वापरायची सिस्टीम. तिच्यातला एक किस्सा ती उभारणाऱ्या फर्नांडो कोर्बाटो यांनी पुढे ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात सांगितला. तिथला एडिटर काम चालू असताना एका ठरावीक नावाची तात्पुरती फाइल बनवत असे. एका खात्यात एका वेळी एकच जण काम करील, हे त्यामागचे गृहीतक. सिस्टीम सांभाळणाऱ्यांच्या सोयीसाठी त्यांच्या खात्यापुरते ते शिथिल केले गेले. एके दिवशी एकाने रोजची सूचना बदलायला घेतली आणि दुसऱ्याने त्याच वेळी पासवर्डची यादी. दोघांची तात्पुरती फाइल एकच. झाले, जो कोणी लॉगिन करील त्याच्यापुढे सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड. आत कोणी घुसले नव्हते. दोन अधिकृत माणसे अधिकृत काम करत होती.

मग युनिक्स आले, १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये. त्याचे नियंत्रण चिमुकले होते. प्रत्येक फाइलला एक मालक, एक गट आणि बाकीचे सारे. प्रत्येकाला वाचणे, लिहिणे, चालवणे. तीन त्रिक नऊ. पोस्टकार्डाच्या कोपऱ्यात मावेल एवढी ही व्यवस्था आजही जगातल्या बहुतेक सर्व्हरांवर जिवंत आहे. (काम अडले की '७७७' टाकून नऊच्या नऊ खिडक्या सताड उघडणारे महाभागही तितकेच जिवंत आहेत, आणि त्यातल्या काहींना मी शिकवलेले आहे.) तपासणी फाइल उघडतानाच होते, हेही इथे लक्षात ठेवायचे. एकदा उघडून दिली की कर्नल प्रोसेसच्या हातात एक बिल्ला देतो, पुढचे वाचणे-लिहिणे त्या बिल्ल्यावर चालते, आणि मागून परवानगी काढून घेतली तरी तो बिल्ला रद्द होत नाही.

या नऊ खिडक्यांत एक अडचण होती. साध्या माणसाला स्वतःचा पासवर्ड तर बदलता आला पाहिजे, पण पासवर्डांची फाइल तर रूटची. युनिक्सच्या कर्त्यांपैकी एक असलेल्या डेनिस रिची यांनी काढलेली तोड अशी की, प्रोग्रॅमच्या फाइलवर एक खूण करायची. अशी खूण असलेला प्रोग्रॅम कोणीही चालवो, तो चालवणाऱ्याच्या नव्हे तर फाइलच्या मालकाच्या अधिकाराने चालेल. सेटयूआयडी नावाच्या या कल्पनेवर १९७३ मध्ये पेटंटचा अर्ज झाला आणि १९७९ मध्ये पेटंट मिळाले. कल्पना देखणी आहे. बँकेच्या तिजोरीची किल्ली ग्राहकाला न देता किल्लीवाल्या कारकुनाला खिडकीवर बसवण्यासारखी. पण मग सारी सुरक्षा त्या कारकुनाच्या हुशारीवर येऊन ठेपते.

आणि कारकून फसतो. लिनक्सवर साध्या माणसाला थोडा वेळ रूटचे काम करू देणारा 'सुडो' हा असाच कारकून, १९८० च्या सुमारास अमेरिकेत बफेलोच्या विद्यापीठात जन्मलेला. जानेवारी २०२१ मध्ये उघड झाले की, एका विशिष्ट तऱ्हेने उलटी तिरपी रेघ दिली तर सुडोचा तोल जातो आणि कोणीही रूट होतो. चूक २०११ पासून आत होती. बरोबर वर्षभराने त्याच घराण्यातल्या पीकेएक्झेक नावाच्या प्रोग्रॅममध्ये तसलीच खोट सापडली, ती २००९ पासूनची. दोन्ही शोधल्या क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी; या कंपनीचे एक मोठे केंद्र आपल्या पुण्यात आहे. कोड सगळ्यांना वाचायला खुला, जगभर वापरात, आणि तरी दहा-बारा वर्षे कोणाच्या नजरेस पडले नाही. खुला कोड आपोआप सुरक्षित होतो असे मानणाऱ्यांनी या दोन तारखा भिंतीवर लिहून ठेवाव्यात.

कारकून बावळट नसतानाही फसू शकतो, हे नॉर्म हार्डी यांनी १९८८ मध्ये दाखवले, आणि या साऱ्या विषयातली मला सर्वांत आवडणारी कथा हीच. एका कंपनीच्या सिस्टीममध्ये फोरट्रानचा कंपायलर होता. कोणी किती वापर केला याची आकडेवारी लिहायची म्हणून त्याला एका राखीव डिरेक्टरीत लिहिण्याचा अधिकार दिलेला. त्याच डिरेक्टरीत बिलांची फाइलही होती. वापरकर्त्याला आपला निकाल कोणत्या फाइलमध्ये हवा ते नाव कंपायलरला सांगता येई. एकाने बिलांच्या फाइलचेच नाव सांगितले. वापरकर्त्याला तिथे लिहायची मुभा नव्हती, पण कंपायलरला होती. कंपायलरने इमानेइतबारे बिलांवर निकाल लिहून टाकला. आपल्या भाषेत हा गोंधळलेला मुखत्यार. त्याच्या खिशात दोन मालकांची दोन मुखत्यारपत्रे होती, आणि कोणते काम कोणत्या कागदावर करायचे हे कर्नलला सांगण्याची सोयच नव्हती. हार्डी यांचे म्हणणे असे की, नाव आणि अधिकार वेगळे पाठवता कामा नयेत. फाइलचे नुसते नाव सांगू नका, तिच्यात लिहिण्याचा बिल्लाच हातात द्या. ज्याच्याकडे तो नाही त्याला तो देताच येणार नाही. जॅक डेनिस आणि अर्ल व्हॅन हॉर्न यांनी ही वाट १९६६ मध्येच दाखवली होती. मोठ्या बाजारात ती चालली नाही. माझ्या मते या क्षेत्राचा सर्वांत महागात पडलेला आळस तोच.

बाजारात चालले ते विंडोज. १९९३ च्या विंडोज एनटीची संरक्षणव्यवस्था कागदावर युनिक्सपेक्षा कितीतरी बारीक होती. प्रत्येक फाइलला, प्रत्येक प्रोसेसला स्वतःची यादी, आणि तीत कोणाला काय चालेल, कोणाला काय चालणार नाही हे नावानिशी. त्याखेरीज विशेषाधिकार वेगळे, जे या याद्यांना ओलांडून जातात. बॅकअपचा अधिकार असलेली प्रोसेस कोणतीही फाइल वाचू शकते, यादीत काहीही लिहिलेले असो. डीबगचा अधिकार असलेली प्रोसेस दुसऱ्या कोणाचीही मेमरी उघडून बघू शकते. पण २००१ मध्ये एक्सपी घरोघरी पोचली आणि घरातला प्रत्येकजण ॲडमिनिस्ट्रेटर झाला, कारण निम्मे प्रोग्रॅम त्याशिवाय चालतच नसत. बाबा आदमच्या काळापासून तसेच लिहिलेले. घराला नऊ दरवाजे आणि सगळ्यांच्या खिशात नऊच्या नऊ किल्ल्या. व्हिस्टामध्ये, म्हणजे २००७ च्या सुरुवातीला लोकांच्या हाती आलेल्या आवृत्तीत, मायक्रोसॉफ्टने ॲडमिनिस्ट्रेटरला दोन टोकने द्यायला सुरुवात केली, एक रोजचे, कमी ताकदीचे, आणि दुसरे पेटीत. पेटी उघडायची तर पडदा काळवंडतो आणि प्रश्न येतो. केळीबाग रोडवरच्या मालकांना राग आला तो याच प्रश्नाचा. खुद्द मायक्रोसॉफ्टच सांगते की, ॲडमिनिस्ट्रेटर खात्यापुढे येणारा हा प्रश्न म्हणजे अभेद्य तट नव्हे. खरी सीमारेषा साध्या खात्याची, जिथे नुसते 'यस' चालत नाही, ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्डच मागितला जातो.

या अधिकारांची किंमत महाराष्ट्राने एकदा उघड्यावर पाहिली आहे. २७ जून २०१७ रोजी न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात, देशातल्या तेव्हाच्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरात, मर्स्क समूहाच्या कंपनीकडून चालवले जाणारे टर्मिनल ठप्प झाले. कॉम्प्युटर बंद, कोणता कंटेनर कुठे ठेवला ते सांगणारे कोणी नाही, काम हातावर आले. उरणच्या रस्त्यांवर ट्रक खोळंबले. कारण होते नॉटपेट्या. हा किडा निघाला होता युक्रेनमधून, तिथल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावत आवृत्तीत लपून. म्हणजे आपल्याकडच्या टॅलीसारख्याच, रोज विश्वासाने उघडल्या जाणाऱ्या वस्तूतून.

त्याने काय केले ते नीट बघण्यासारखे आहे. जागा झाला की आधी तो स्वतःच्या टोकनमध्ये काय आहे हे तपासायचा. साध्या खात्यात असेल तर त्या माणसाच्या फाइलींचे वाटोळे करी, पण मशीन सुरू होण्याचा भाग त्याला खरडता येत नसे. ॲडमिनिस्ट्रेटर असेल तर डीबगचा अधिकार चालू करी आणि विंडोजच्या ज्या प्रोसेसकडे लॉगिन झालेल्यांच्या ओळखी असतात तिची मेमरी वाची. तिथे कोणा तंत्रज्ञाची, सगळ्या जाळ्यावर चालणारी ओळख सापडली की काम फत्ते. मग तो त्या तंत्रज्ञाच्या नावाने शेजारच्या मशीनमध्ये शिरे, आणि तेही मायक्रोसॉफ्टच्याच, तंत्रज्ञ रोज वापरतात त्या साधनांनी. विंडोजमधले एक जुने भगदाडही तो वापरत होता. पण ते बुजवलेली, सगळ्या दुरुस्त्या वेळेवर केलेली मशीनही पडली, ती या मुखत्यारीमुळे. शेजारच्या मशीनच्या दृष्टीने सारे रीतसर होते. कागद खरा, सही खरी.

मर्स्कला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले, आणि नुकसान २० ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले. कंपनीच्या जगभरच्या ओळखपत्रांची नोंदवही सांभाळणारे सर्व्हर एकमेकांची नक्कल ठेवत होते, त्यामुळे एकदमच गेले. वाचला तो घानातल्या कार्यालयातला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती. भारनियमनाने पिचलेल्या विदर्भातल्या माणसाला हे वाचून थोडे बरे वाटायला हरकत नाही.

पुढच्या वर्षी, ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी, पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. तिथे कोणा ग्राहकाच्या खात्याचे कुलूप फोडलेले नव्हते. एटीएमची विनंती बँकेकडे जाते त्या वाटेवर चोरट्यांनी खोटी खिडकी उभी केली आणि तिने प्रत्येक विनंतीला होकार दिला. यातले बहुतेक पैसे २८ देशांतल्या एटीएममधून निघाले. तपासणी करणाराच बदलला तर नियम कितीही कडक असोत, त्यांच्याशी गाठच पडत नाही.

लिनक्सवाल्यांनी वेगळा मार्ग धरला आणि कुलमुखत्यारपत्राचे तुकडे केले. १९९९ च्या २.२ कर्नलपासून रूटचा अधिकार सुट्या-सुट्या ताकदींत वाटलेला आहे. आता त्या सुमारे ४० आहेत. वेब सर्व्हरला १०२४ च्या आतला पोर्ट हवा असेल तर तेवढीच ताकद द्या, घड्याळ बदलणाऱ्याला घड्याळाची. ऐकायला झकास. पण नव्या कामाला कोणती ताकद लावायची असा प्रश्न पडला की प्रत्येकाने ते एकाच रकान्यात लोटले, 'सिस्टीम-ॲडमिन' नावाच्या. ती एक ताकद आता इतकी फुगली आहे की जाणकार तिला नवा रूट म्हणतात. सरकारी कचेरीतल्या 'इतर' या फाइलसारखी तिची गत.

दुसरा प्रयत्न अधिक मूलगामी होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने डिसेंबर २००० मध्ये एसईलिनक्स खुले केले. तोवर फाइलचा मालक ठरवेल ते खरे, असा रिवाज होता. इथे मालकाच्या वर एक धोरण आले. प्लॉट तुमचा, सातबारा तुमच्या नावावर, पण किती मजले चढवायचे हे चटई क्षेत्र निर्देशांक ठरवणार, तसे. रूट म्हणून चालणारी प्रोसेससुद्धा धोरणात नसलेल्या फाइलला हात लावू शकत नाही. याची परिणती अशी झाली की, काही अडले की इंटरनेटवरचा पहिला सल्ला एसईलिनक्स बंद करण्याचा असतो. नागपुरात अनधिकृत मजले का चढतात, याहून हे फार वेगळे नाही. नियम समजायला जड असला की लोक तो मोडत नाहीत, वळसा घालून जातात.

खरी उडी मात्र खिशातल्या यंत्रात पडली, आणि तिची फारशी चर्चा होत नाही. अँड्रॉइडने २००८ मध्ये पहिल्या फोनपासून युनिक्सचा तोच जुना आकडा नव्या अर्थाने वापरला. माणसाला एक आकडा देण्याऐवजी प्रत्येक ॲपला वेगळा. फोन एकाच माणसाचा, पण त्यातली पन्नास ॲप म्हणजे कर्नलच्या दृष्टीने पन्नास परके भाडेकरू. एकाच्या खोलीत दुसऱ्याने डोकवायचे नाही. मुखत्यार आणि मालक यांच्यातला जो फरक डेस्कटॉपने चाळीस वर्षे पुसट ठेवला, तो इथे पायातच घातला गेला. कॅमेरा, संपर्क, संदेश यांची परवानगी आधी बसवतानाच एकगठ्ठा घेतली जाई. २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून ती लागेल तेव्हा, एकेक, मागितली जाऊ लागली. विशेष मुखत्यारपत्र एकदाचे सामान्य माणसाच्या हाती आले.

आणि चोरांनी रस्ता बदलला. भिंती फोडण्यापेक्षा मालकालाच कुलमुखत्यारपत्र लिहायला लावणे सोपे. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्क या दुरून पडदा हाताळू देणाऱ्या ॲपच्या वापराबद्दल बँकांना सावध केले होते. फोनवरचा 'बँकेचा माणूस' ते बसवायला सांगे आणि मग पडदा त्याच्याही हातात. अलीकडे व्हॉट्सॲपवर वाहतूक चलनाच्या किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके फाइल येते. ती बसली की संदेश वाचायची परवानगी मागते, म्हणजे बँकेचा ओटीपी, आणि कित्येकदा 'ॲक्सेसिबिलिटी' चालू करायला सांगते. ही सोय अंध आणि अपंग माणसांसाठी केलेली. पडद्यावरचे वाचून दाखवणारे, त्यांच्या वतीने बटण दाबणारे ॲप चालावे म्हणून. नेमक्या त्याच कारणाने ती सर्वांत ताकदवान मुखत्यारी आहे. २०२२ च्या तेराव्या आवृत्तीपासून बाहेरून आणलेल्या ॲपला ही परवानगी सहजासहजी देता येत नाही. मला यात गुगलचा दोष कमी दिसतो. माणसाला मदत करायला दिलेला अधिकार आणि त्याला लुटायला घेतलेला अधिकार कर्नलला एकसारखेच दिसतात.

राहता राहिले पहारेकरी. विषाणूंपासून वाचवणाऱ्या सॉफ्टवेअरला सगळ्यांवर नजर ठेवायची, म्हणून ते थेट शून्याच्या कड्यात, कर्नलच्या शेजारी जाऊन बसते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीने अशाच एका पहारेकऱ्याला माहितीची सदोष फाइल पाठवली आणि जगभरची सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर येऊन पडली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. बाहेरच्या कड्यात चुकलेली प्रोसेस एकटी मरते, आतल्या कड्यात चुकलेली सगळ्यांना घेऊन जाते. १८१६ मध्ये आप्पासाहेब भोसल्यांनी संरक्षणासाठी इंग्रजांची तैनाती फौज नागपुरात घेतली. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात त्याच फौजेशी सीताबर्डीच्या टेकडीवर लढावे लागले. तुलना ताणू नये हे खरे, पण महालात राहून ती न सुचणे कठीण.

दुकानात परत गेलो तेव्हा मालकांना मी एवढेच सांगितले. नवे खाते काढा, साधे. टॅली, क्रिकेट, ईमेल सारे त्यात. हिशेबाच्या पोराला त्याचे वेगळे. ॲडमिनचा पासवर्ड तुमच्यापाशी, आणि तो मॉनिटरवरून काढून गल्ल्यात. काळा पडदा आला आणि पासवर्ड मागितला की समजा, कोणीतरी तुमच्या नावाने सही करायला आले आहे. आपण काही बसवत नसलो तर 'नो'. अर्ध्या तासाचे काम. मालक म्हणाले, "भाऊ, इतकं सोपं हाय तं कंपनीनंच आधी करून काहून नाही देल्लं?"

नव्या कॉम्प्युटरवर विंडोज पहिल्यांदा सुरू करताना जे पहिले खाते तयार होते, ते आजही ॲडमिनिस्ट्रेटरचेच असते.